उलट्या शर्टाचा दिवस

ता. ९ फेब्रुवारी, रविवार

प्रिय वन्सं,

तुझं पत्र मिळालं. तू बरी असशील. तुझ्या अहोंचा गुडघा आता त्यांना जिना चढू देतो का? शेक चालू ठेवायला सांग. दुखायचं थांबलं की ते लगेच बंद करतात, हे मला माहीत आहे.

मी ठीक आहे. खोली चांगली आहे. दुकानाच्या मागच्याच गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. खिडकी एकच, आणि ती उघडली की समोर लाँड्रीचा पाइप येतो. त्यातून दिवसभर वाफ निघते, त्यामुळे माझ्या खोलीला सदानकदा इस्त्रीचा वास असतो. घरमालकीण ठार बहिरी आहे. ती प्रश्न विचारते, पण उत्तर ऐकू येत नसल्यामुळे मी काहीही सांगितलं तरी मान डोलावते. सध्या मला असंच माणूस हवं होतं.

दुकानात काम रगड आहे. चष्म्याच्या काचा घासायचं नवीन मशीन आलंय आणि मालकांना ते चालवता येत नाही, म्हणून फ्रेम बसवायचं सोडून मला तिथे उभं केलंय. दिवसभर हात ओले. त्यामुळे अक्षर असं आलंय, रडून नव्हे.

फोन उचलत नाही म्हणून तू रागावलीस. फोनवर तू रडायला लागतेस, मग मलाच तुझी समजूत घालावी लागते, आणि बोलायचं ते राहून जातं. म्हणून पत्र. कॉलेजात असताना सुट्टीत आपण एकमेकींना केवढाली पत्रं लिहायचो! तेव्हा तू माझी नणंद नव्हतीस. तेव्हा ‘वन्सं’ म्हणून मी तुला नुसती चिडवत होते, कारण तुझा दादा मला आवडतो हे तुला माझ्याआधी कळलं होतं.

तू लिहितेस, ‘दादासारखा हसतमुख नवरा शोधूनही सापडला नसता.’ अगदी खरं. हे मला सगळेच सांगतात. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लोक तक्रार घेऊन येतात आणि तक्रार विसरून परत जातात, कारण दारातच त्याचा फळा असतो. तो फळा खरं तर पाणी कधी बंद राहील ते लिहायला लावलेला. तुझा दादा त्यावर रोज सकाळी दिवस लिहितो. ‘आज जांभईचा दिवस. साहेबांसमोर द्यायची राहिलेली जांभई आज उरकून घ्यावी.’ ‘आज हरवलेल्या छत्र्यांचा दिवस. शेजाऱ्याकडची छत्री ओळखीची वाटल्यास तिची नुसती विचारपूस करावी.’ ‘आज डाव्या चपलेचा दिवस. उजवीने दोन पावलं मागे राहावं.’ साहेबसुद्धा आधी फळा वाचतात आणि मग खुर्चीत बसतात. आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखालीही त्याने एक फळा लावून घेतला, तो तू बघितलाच आहेस.

तळमजल्यावरची शिंपीणबाई मला नेहमी म्हणायची, “तुमचं बाई नशीब! आमच्या घरात वर्षातून एकदा हसतात, तेही चुकून.” मी हसायचे. भांडी, कपडे, हसणं. घरातली कामं कुणीतरी करावीच लागतात.

त्या शनिवारबद्दल तू विचारलंस. काय सांगू? बिल्डिंगची सगळी मुलं अंगणात होती, मोठी माणसंही होती, खेळ रंगात आला होता आणि मी मधेच बोलले. चारचौघांत बोलायला नको होतं. ‘दादाला तू सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलंस’ असं तू लिहितेस, ते मी खोडून काढत नाही. चिडले, बोलून गेले, दुसऱ्या दिवशी बॅग भरली. एवढंच झालं. माणसाला कधीतरी राग येतो.

तू तुझ्या पत्रात तिचं नाव पुन्हा पुन्हा लिहिलं आहेस. तू आत्या आहेस, तुझा हक्क आहे. मी मात्र या पत्रात लिहिणार नाही. चालेल ना?

तुझ्या हातच्या विणीचा करडा स्वेटर मी बरोबर आणलाय. कोपरावर उसवलाय. तीच लोकर मिळाली तर पाठव.

तुझी
वहिनी


ता. २१ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रिय वन्सं,

लोकर पोचली. रंग थोडा गडद आहे, पण कोपर कोण बघतंय!

बरोबरचं कात्रणही पोचलं. ‘लेकीच्या आठवणीत हसू वाटणारा बाप.’ फोटोत शर्ट उलटा घातलाय, शिवण आणि बटणपट्टीची मागची बाजू स्पष्ट दिसते. फोटो चांगला आलाय. तो नेहमीच फोटोत चांगला येतो.

तू लिहितेस, की वरच्या चौकातल्या शाळेने हे उचलून धरलंय. दर महिन्याला मुलं तिने काढलेला एकेक दिवस पाळणार, पुढच्या जानेवारीत मोठा कार्यक्रम होणार आणि मी स्टेजवर दादाशेजारी बसायचं. शिवाय, ‘वहिनी, बटणने काढलेले आणखी दिवस तुला आठवत असतील, ते लिहून पाठव, दादाला थोडेच आठवतात.’

थोडेच आठवतात. बरं.

आता तिचं नाव आलंच आहे, तर ते दिवस कुठून आले तेही वाच. तू तेव्हा लांब होतीस, तुला सांगोवांगी कळलं.

बटणला शाळेत पाठवायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. हृदय जन्मापासूनच दुबळं, ते तुला माहीत आहे. आधी तिला वाटलं, सुट्टी मिळाली. मग कंटाळली. पलंग खिडकीपाशी सरकवला, तरी खिडकीतून दिसणार काय? समोरची गच्ची आणि तिथली पाण्याची टाकी. एका सकाळी तिने बाबाला विचारलं, “आज काय आहे?”

“मंगळवार.”

“मंगळवार मागच्या आठवड्यातही होता.”

“हो का? मग या वेळचा वेगळा असणार.”

“कसा वेगळा?”

तुझ्या दादाने उभ्या उभ्या शर्ट काढला, उलटा करून परत अंगात घातला आणि म्हणाला, “आज उलट्या शर्टाचा दिवस.” तसाच ऑफिसला गेला. संध्याकाळी आल्यावर, कोण कोण हसलं आणि कुणी त्याला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, ते सगळं त्याने तिला करून दाखवलं. ती इतकी हसली की मला तिला उठवून बसवावं लागलं, धाप लागली होती. मी म्हटलं, “पुरे आता, तिला त्रास होतो.” दोघांनी एकदमच माझ्याकडे बघितलं.

त्यानंतर रोज एक दिवस. तो हसवायचा आणि मी औषध द्यायचे. मी खोलीत शिरले की हातात चमचा नाहीतर थर्मामीटर, म्हणजे खेळ थांबायचा. एकदा मी आत जाता जाता ती कुजबुजली, “बाबा, इन्स्पेक्टर आला.” मलाही हसू आलं. पण मी आत गेले आणि इन्स्पेक्टरसारखंच म्हटलं, “तोंड उघड.”

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. कुणीतरी चमचा धरायलाच हवा होता.

दिवस आठवून पाठवायचं जमणार नाही. कारण विचारू नकोस. कार्यक्रमाचंही आत्ताच काही सांगत नाही.

अहोंना नमस्कार.

वहिनी


ता. ९ मार्च, रविवार

प्रिय वन्सं,

कशी आहेस असं विचारत नाही. तुझ्या पत्रावरून कळलंच.

तू लिहिलंस, ‘लोक दादाचं कौतुक करतात ते तुला बघवत नाही. बटणवर तुझ्यापेक्षा त्याचा जीव जास्त होता हे तुला सलतंय.’ हे वाचून मी पत्र घडी घालून उशीखाली ठेवलं आणि दोन-चार दिवस काढलंच नाही. मग वाटलं, तुझंही काय चुकलं? मी तुला अर्धवट सांगितलं, बाकीचं तू तुझ्या मनाने भरून काढलंस. आणि मी सांगितलं नाही ते तुझ्या दादाला झाकायला. तूही त्यालाच झाकतेयस. दोघी एकच काम करत होतो, फक्त शिव्या मी खात होते.

मंगळवारी तो दुकानात आला होता. तो आला नसता तर मी हे कधीच लिहिलं नसतं.

पण आधी तो शनिवार.

पंचवीस जानेवारी. बटण गेली तो दिवस. गेली चार वर्षं आम्ही त्या दिवशी एकच गोष्ट करत आलो. सकाळी दोघं तळ्यावर जायचो. ती बरी असताना जिथे बदकांना पाव टाकायची, तिथल्या बाकावर बसायचो. काही बोलायचो नाही. उन्हं वर आली की उठून घरी. त्या दिवशी फळा कोरा राहायचा. ऐकायला वाईट वाटेल, पण मी त्या दिवसाची वाट बघायचे. वर्षातून तेवढा एक दिवस माझा नवरा गप्प असायचा आणि आम्ही दोघं एकाच घरातली माणसं वाटायचो.

या वर्षी मी दुकानातून रजा घेतली होती. सकाळी आवरून स्वयंपाकघरात बसले, पाव पिशवीत घातला. तुझा दादा शीळ वाजवत न्हाणीघरातून आला. शर्ट उलटा. मला वाटलं, गडबडीत घातला गेला असेल. तो म्हणाला, “तू घरी कशी? बरं नाही का?”

मी म्हटलं, “बरी आहे.”

“मग छान. दुपारी खाली ये. पोरांना सगळ्यांना सांगितलंय, आज उलट्या शर्टाचा दिवस. बऱ्याच दिवसांत केला नव्हता.” मग खडू शोधत ड्रॉवरमध्ये हात घातला आणि मला विचारलं, “आज तारीख किती गं?”

मी सांगितलं, “पंचवीस.”

“पंचवीस,” तो म्हणाला. खडू सापडला. तो खाली गेला. मी जिन्याच्या कठड्यावरून वाकून बघितलं. त्याने फळ्याच्या कोपऱ्यात तारीख लिहिली, तिच्याभोवती नक्षी काढली, दोन पावलं मागे होऊन कसं दिसतंय ते पाहिलं, आणि पुन्हा शीळ वाजवायला लागला.

वन्सं, तो विसरला होता.

मी तुला शपथेवर सांगते, मला आधी काहीच वाटलं नाही. मी पिशवी हातात घेऊन उभी राहिले. वाटलं, आत्ता आठवेल. जिना चढताना आठवेल. चहा पिताना आठवेल. त्याने चहा घेतला, कप विसळला, मुलांसाठी पुठ्ठ्याचा कर्णा केला. मी एकटीच तळ्यावर जाऊन आले. कुठे गेली होतीस असंही त्याने विचारलं नाही. मी आठवण का करून दिली नाही, असं तू विचारशील. काय म्हणून सांगायचं? “अहो, जरा ऐका, आपली मुलगी वारली आहे,” असं?

दुपारी अंगण भरलं होतं. सगळ्यांचे शर्ट उलटे, शिंपीणबाईंनी तर टेपसुद्धा उलटी गळ्यात घातली होती. मुलं मागे मागे चालत एकमेकांवर आदळत होती. मी वरून ऐकत होते. एवढ्यात वरच्या मजल्यावरची टिकली दारात आली. सहा-सात वर्षांची आहे, समोरचे दोन दात पडलेत. म्हणाली, “काकू, तुमचा स्वेटर सुलट आहे. तुम्हाला शिक्षा. चला.” आणि तिने माझं बोट धरलं. बोट धरल्यावर मला नाही म्हणता आलं नाही. मी खाली गेले.

तुझ्या दादाने मला बघितलं आणि कर्णा तोंडाला लावला. “मंडळी! आमच्या घरात एकच माणूस सरळ आहे, आज तेही उलटं होणार!” सगळे हसले. माणसं वाईट नाहीत, हसण्यासारखंच होतं ते. टाळ्या वाजल्या. तो वाकून मला म्हणाला, “चला बाईसाहेब, आज काय दिवस आहे ते सांगा सगळ्यांना.”

मी म्हटलं, “आज आपली मुलगी गेली तो दिवस आहे. हा कसा साजरा करायचा, तेही सांग.”

एवढंच म्हटलं. ओरडले नाही. तुला कुणी सांगितलं असेल की मी ओरडले, तर ते खोटं आहे.

आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. बाकीचे माझ्याकडे बघत होते, म्हणून त्यांना दिसलं नाही. तो दचकला. गॅस बंद केला का ते रस्त्यात मधेच आठवावं आणि माणसाने दचकावं, तसा. डोळे एकदा फळ्याकडे गेले, तारखेकडे, स्वतःच्याच अक्षराकडे. मग रंग उतरला.

वन्सं, तिथेच मी त्याला माफ केलं होतं. खरं सांगते. मी वळले आणि जिना चढायला लागले, आणि चढता चढता माझा राग जात चालला होता. विसरणं मला कळतं. मीही विसरते. तिचा आवाज मला आता नीट आठवत नाही, आठवतो तो खोकला. पाच वर्षांनी एक माणूस एका सकाळी उठला आणि त्याच्या छातीवर ते ओझं नव्हतं, तर मी कोण त्याला बोल लावणार? वर येऊन तो म्हणाला असता, “अगं, मी विसरलो,” तर मी त्याला जवळ घेतलं असतं. आम्ही दोघं रडलो असतो. आम्ही एकत्र कधी रडलोच नाही, तुला माहीत नसेल. ती गेली तेव्हाही तो आल्यागेल्यांना धीर देत होता.

पण मी पहिल्या वळणावर होते आणि खालून त्याचा आवाज आला. कर्ण्याशिवाय, घोगरा. “म्हणूनच तर,” तो म्हणाला. “तिच्यासाठीच तर हे सगळं. तिला रडलेलं आवडायचं नाही.”

खाली कुणीतरी हुंदका दिला. शिंपीणबाई असणार. मग एकाने टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनी.

मी कठडा धरून उभी राहिले.

तो वर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. पलंगावर बसला. मी वाट बघितली. तो म्हणाला, “बघितलंस? सगळे रडले. किती प्रेम करतात लोक तिच्यावर.” मी त्याच्याकडे नुसती बघत राहिले, आणि त्याने माझी नजर चुकवली. त्याला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. तारीख मीच सांगितली होती ना! तरीसुद्धा दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी आले, तेव्हा त्याने तेच सांगितलं, आता जरा सजवून. की महिनाभर आधीपासून मनात होतं. की मला सांगितलं नाही, कारण मला सोसवलं नसतं. मी तिथेच चहाचा ट्रे घेऊन उभी होते. शेजारच्या काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “पोरी, त्याचंही दुःख समजून घे.”

मी ट्रे खाली ठेवला आणि बॅग काढली.

आता मंगळवार. दुपारी मालक जेवायला गेले होते, दुकानात मी एकटी. तो आला, काउंटरपाशी उभा राहिला आणि चष्मा काढून पुढे केला. “हा स्क्रू सारखा ढिला होतो.” बारीक झालाय. शर्टाला इस्त्री नव्हती. मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला.

“कशी आहेस?”

“बरी.”

“वहिनीला समजव म्हणून ताईला लिहिलं होतं.” तुला ‘ताई’ म्हणाला तो. पाठच्या बहिणीला तो लाडात येऊन ताई म्हणतो, तसं. “शाळेच्या बाई विचारतात. आई स्टेजवर नसली तर बरं दिसणार नाही, म्हणतात.”

मी म्हटलं, “मी येईन. घरीही येईन. तू एक कर. माझ्याकडे बघून म्हण, मी विसरलो होतो.”

तो म्हणाला, “आता कसं म्हणू? पेपरात आलंय. मुलं आत्तापासून गाणी बसवतायत.”

“त्यांना नको सांगूस. मला सांग. इथे आहे कोण? या भिंतीवरच्या चष्म्यांना कान नाहीत.”

“तुला माहीत आहे ना? मग म्हणून काय होणार?”

“मला माहीत आहे ते तुलाही माहीत आहे, एवढं कळेल. नाहीतर मीच खोटी ठरतेय. तिच्या आठवणीचा दिवस मोडणारी बाई. तुझी बहीणसुद्धा मला तेच लिहिते.”

तो काउंटरवरच्या आरशाकडे बघत होता. चष्म्याशिवाय त्याचा चेहरा उघडा पडल्यासारखा दिसतो, तुला आठवत असेल. तो माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता बोलतो. मी हातातलं काम थांबवलं. वन्सं, मी मनात म्हणत होते, बोल रे, एकदाच बोल, मी आत्ता दुकानाचं शटर ओढते आणि तुझ्याबरोबर चालू लागते.

त्याने श्वास घेतला. मग दोन्ही हात पसरले, कमरेत वाकला आणि म्हणाला, “आज विसरभोळ्यांचा दिवस. आज सगळ्यांना माफी.”

डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. ते मी तुझ्यापासून लपवत नाही. पण तोंडावर ते हसू होतं, आणि ते माझ्याकडे बघत होतं. हसतेस ना? हस की.

मी हसले नाही. स्क्रू घट्ट केला, काचा फडक्याने पुसल्या, चष्मा त्याच्या हातात दिला. त्याने तो लावला, मान इकडेतिकडे हलवून बघितली. “बरोबर बसला,” म्हणाला. मग एक म्हातारे गृहस्थ आत आले, त्यांना वाचायला नवा चष्मा हवा होता. मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. मागे वळून बघितलं तेव्हा तो गेला होता.

तो वाईट माणूस नाही, हे तुझ्याइतकंच मला माहीत आहे. तिच्या शेवटच्या दिवसांत तिला जे हसू मिळालं, ते त्याने दिलं. त्याबद्दल मी जन्मभर त्याची आभारी राहीन. पण ज्याला एक वाक्य सरळ म्हणता येत नाही, त्याच्याशेजारी मला आता झोपता येत नाही. त्याने तिला विसरावं, मला चालेल. आपलं विसरणं झाकायला तिलाच पांघरूण म्हणून घ्यावं, हे चालत नाही.

हे कुणाला सांगू नकोस, असं मी म्हणत नाही. तुला वाटलं तर सांग, नाहीतर फाडून टाक. मला आता सांभाळवत नाही. तुझा विश्वास बसला नाही, तरी मी समजेन. भाऊ तुझा आहे. फक्त मला पुन्हा मत्सराचं लिहू नकोस.

शाळेत मी येणार नाही. बाईंना काय कारण सांगायचं ते तुझा दादा बघेल, त्याला सुचतं. घरी ‘सध्या’ येणार नाही असं लिहायला घेतलं होतं. तो शब्द खोडला.

आणि ते दिवस, जे तू मागितलेस. त्याचे आणि तिचे जे होते, ते त्याला आठवतील तेवढे त्याने खुशाल फळ्यावर लिहावेत. त्यांत माझा वाटा नाही. पण एक दिवस तिने माझ्यासाठी काढला होता. तुझा दादा ऑफिसला गेल्यावर, आम्ही दोघीच घरात असताना. त्याला नाव होतं, नियम होते, मोडला तर शिक्षाही होती. औषधं त्या दिवशीही वेळेवर झाली, ती कशी द्यायची तेसुद्धा तिने नियमात बसवलं होतं. संध्याकाळी दारात त्याची किल्ली वाजेपर्यंत आम्ही तो पाळला. ज्या बाईला हसता येत नाही असं सगळे म्हणतात, ती बाई त्या दिवशी पोट धरून जमिनीवर बसली होती, वन्सं. आणि बटण पलंगावरून वाकून माझ्याकडे बघत होती, आपण कुणाला हसवलं म्हणून खूश होऊन.

तो दिवस त्याला माहीत नाही. तुलाही सांगणार नाही. तो कुणी पाळायचा नाही.

अहोंना जप. लोकर उरलीय, पुढच्या थंडीत त्यांना मोजे विणून पाठवीन.

बटणची आई